लहानग्यांचे थोर उस्ताद : मुफ्ती मुहम्मद किफायतुल्लाह (रह.)



गेल्या हिवाळ्यातील एक प्रसंग आपल्यापुढे ठेवून या लेखाला प्रारंभ करतो. आमच्या राळेगावात एका वडीलधाऱ्या गृहस्थांचा इंतकाल झाला. कापूस वेचणीचे दिवस होते, तरीही आसपासच्या खेड्यांतून पुष्कळ माणसे आली. जनाजाच्या नमाजेसाठी सफा लागल्या. मी पुढे उभा राहणार तोच मय्यतीचा मुलगा माझ्याजवळ आला. शिकलेला, पदवी घेतलेला, नोकरीला लागलेला तरुण. त्याने कानाशी येऊन हळूच विचारले, की कोणत्या तकबीरीनंतर काय पढायचे असते. त्याच्या डोळ्यांत वडिलांच्या जाण्याचे दुःख होतेच. पण त्या दुःखात एक शरमही मिसळलेली होती. मी त्याला थोडक्यात सांगितले, की पहिल्या तकबीरीनंतर सना, दुसरीनंतर दरूद, तिसरीनंतर मय्यतीसाठी दुआ आणि चौथीनंतर सलाम. त्याने मान हलवली आणि तो सफेत जाऊन उभा राहिला. पण ती दुआ त्याला येत नव्हती, आणि बापासाठी मुलाने उभे राहून मागायची ती दुआ दोन मिनिटांत शिकवता येत नाही.

हा मुलगा दीनपासून दुरावलेल्या घरातला नव्हता. वयाच्या दहाव्या वर्षी त्याने मोहल्ल्याच्या मकतबात कुरआन नाजरा पूर्ण केले होते आणि त्या दिवशी घरोघरी मिठाई वाटली गेली होती. मिठाई वाटली गेली आणि शिक्षण संपले. त्यानंतर शाळा, शिकवणी, बोर्डाची परीक्षा, महाविद्यालय अशी एक शिडी तो चढत गेला. दीनच्या शिक्षणाची शिडी मात्र पहिल्याच पायरीवर सुटली. देह, बुद्धी आणि जबाबदारी पंचविशीची झाली. दीनची समज दहा वर्षांच्या मुलाचीच राहिली.

वाचकहो, आपण प्रामाणिकपणे स्वतःला विचारावे, की आपल्या घरातील मुलांची स्थिती याहून वेगळी आहे काय? शाळेच्या सर्व वर्षांत मुलाला दीन कसा शिकवत न्यावा, या प्रश्नाचा विचार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका थोर आलिमांनी केला होता. त्यांनी लिहिलेली चार छोटी पुस्तके आजही आपल्या बहुतेक मकतबांच्या फडताळात असतात. मुखपृष्ठावरचे नाव आपण पाहिलेले असते. परंतु त्या नावामागचे जीवन फार थोड्यांना ठाऊक असते. ते नाव आहे हजरत मौलाना मुफ्ती मुहम्मद किफायतुल्लाह देहलवी, रहमतुल्लाहि अलैह.

गरिबीतील बालपण

मुफ्तीसाहेबांचा जन्म 1875 साली, म्हणजे हिजरी 1292 मध्ये, उत्तर प्रदेशातील शाहजहानपूर येथे झाला. हा काळ नीट ध्यानात घेतला पाहिजे. 1857 च्या उठावाला जेमतेम दोन दशके लोटली होती. सत्ता गेली होती, जुन्या शिक्षणसंस्थांचे आधार तुटले होते आणि मुस्लिम समाजापुढे प्रश्न होता, की मुलांना आता शिकवायचे काय आणि कोठे. या प्रश्नाला त्या पिढीने निरनिराळी उत्तरे दिली. 1866 साली देवबंदचा मदरसा उभा राहिला. 1874 साली आपल्या मुंबईत बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. 1875 साली सर सय्यद अहमद खान यांची अलीगढची शाळा सुरू झाली. देवबंदने दीनच्या इल्माचे रक्षण करण्याचे मनावर घेतले. मुंबई आणि अलीगढ यांनी नव्या विद्येची दारे उघडली. या धडपडीच्या ऐन मध्यावर, एका गरीब घरात हे बालक जन्मास आले.

वडील शेख इनायतुल्लाह हे धर्मनिष्ठ होते, परंतु घरची स्थिती अत्यंत बेताची होती. पाचव्या वर्षी मुलाला मकतबात घातले गेले. तेथे कुरआन, मग उर्दू आणि फारसी, त्यानंतर शहरातील मदरसा एजाजिया अशा पायऱ्या त्यांनी ओलांडल्या. उस्तादांच्या ध्यानात आले, की या मुलाची बुद्धी साधारण नाही आणि त्याला मोठ्या मदरशात पाठवले पाहिजे. त्याप्रमाणे ते मुरादाबादच्या मदरसा शाहीमध्ये दाखल झाले.

येथील एक गोष्ट पालकांनी आपल्या मुलांना आवर्जून सांगावी. घरून खर्चासाठी पैसे येणे शक्य नव्हते आणि लोकांपुढे हात पसरणे त्यांच्या स्वभावात नव्हते. म्हणून हा विद्यार्थी अभ्यासातून उरलेल्या वेळात सुताच्या टोप्या विणत असे. त्या टोप्या विकून जे मिळे, त्यावर त्याचा खर्च चाले. पुढे ज्यांच्या फतव्याकडे सारा हिंदुस्थान डोळे लावून बसला, त्यांचे शिक्षण स्वतःच्या बोटांच्या कष्टावर झाले होते.

मुरादाबादहून ते देवबंदला गेले. तेथे शैखुल हिंद मौलाना महमूद हसन यांच्यासारख्या उस्तादांची सोबत लाभली आणि 1898 च्या सुमारास, वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी, त्यांनी शिक्षण पूर्ण केले. पुढे जगभर हदीसचे विद्वान म्हणून ख्याती पावलेले मौलाना अन्वर शाह काश्मिरी हे त्यांचे सहाध्यायी होते.

दिल्लीचा मदरसा आणि सार्वजनिक जीवन

शिक्षण संपल्यावर ते प्रथम आपल्या गावी, शाहजहानपूरच्या मदरसा ऐनुल इल्ममध्ये शिकवू लागले. मोठ्या शहराकडे धाव घेण्याऐवजी ज्या मातीने आपल्याला घडवले तिथल्या मुलांना शिकवण्यापासून त्यांनी आरंभ केला. 1903 मध्ये ते दिल्लीच्या मदरसा अमीनियात आले. हा मदरसा त्यांचे सहाध्यायी मौलाना अमीनुद्दीन यांनी उभा केला होता. 1920 मध्ये मौलाना अमीनुद्दीन यांच्या इंतकालानंतर मदरशाची संपूर्ण जबाबदारी मुफ्तीसाहेबांच्या खांद्यावर आली आणि अखेरपर्यंत ती त्यांनी वाहिली. विद्यार्थ्यांनी केवळ किताबे वाचू नयेत, तर आपले म्हणणे नीट मांडताही यावे, म्हणून मदरशात विद्यार्थ्यांच्या भाषणांचा नियमित सराव सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. शिकलेले बोलता येणे हाही शिक्षणाचाच भाग आहे, ही जाणीव त्यामागे होती. पुढे मुलांसाठी लिहितानाही तिने त्यांना सोडले नाही.

त्यांचे सार्वजनिक जीवन इतके विस्तृत आहे, की त्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल. येथे केवळ ओझरता उल्लेख करतो. 1919 साली जमीयत उलमा-ए-हिंद स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि सुमारे दोन दशके त्यांनी ते सांभाळले. स्वातंत्र्यलढ्यात 1930 साली त्यांना अटक होऊन कारावास भोगावा लागला. 1932 मध्ये पुन्हा अटक झाली आणि या वेळी त्यांना मुलतानच्या तुरुंगात ठेवण्यात आले. 1926 मध्ये मक्केत भरलेल्या इस्लामी परिषदेत आणि 1938 मध्ये कैरो येथे पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर भरलेल्या परिषदेत त्यांनी हिंदी मुसलमानांचे प्रतिनिधित्व केले. देशाच्या फाळणीला त्यांचा आणि जमीयतचा विरोध होता.

त्यांची खरी ओळख मात्र मुफ्ती म्हणून होती. देशाच्या कानाकोपऱ्यांतून त्यांच्याकडे प्रश्न येत आणि ते उत्तरे लिहीत. त्यांची उत्तरे थोडक्यात आणि नेमकी असत. विचारणाऱ्याला जे हवे ते मिळे आणि नको त्या शब्दांचा भार त्याच्यावर पडत नसे. त्यांच्या पश्चात त्यांचे पुत्र मौलाना हफीजुर्रहमान वासिफ यांनी हे फतवे गोळा करून किफायतुल मुफ्ती या नावाने नऊ खंडांत प्रसिद्ध केले.

वाचकहो, आता विचार करा. एकीकडे नऊ खंड भरतील एवढे फतवे, एका मोठ्या मदरशाची धुरा, एका देशव्यापी संघटनेचे अध्यक्षपद, तुरुंगवास आणि परदेशच्या परिषदा. अरबीत कसीदा रचण्याइतके भाषेवर प्रभुत्व. अशा माणसाने सात वर्षांच्या मुलासाठी लेखणी हाती घ्यावी आणि त्याला समजेल अशा शब्दांत वुजू कसा करावा हे लिहावे, याचा अर्थ काय? त्याचा अर्थ एवढाच, की हे काम त्यांना कमी प्रतीचे वाटले नाही. आपल्याकडे मात्र उलटे घडते. मोठ्या विषयांवर तकरीर करणाऱ्याला मान असतो आणि मकतबात मुलांना शिकवणाऱ्याला उरलासुरला वेळ व उरलासुरला पगार.

चार भागांचा जिना

त्या पुस्तकाचे नाव तालीमुल इस्लाम. त्याचे चार भाग आहेत आणि ते प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. आरंभीचा प्रश्न मुलाच्या स्वतःच्या ओळखीविषयी आहे. अल्लाहविषयी किंवा सृष्टीविषयी बोलण्यापूर्वी पुस्तक मुलाला स्वतःकडे पाहायला लावते, आणि तेथून त्याला त्याच्या दीनकडे, रबकडे, प्रेषितांकडे (स.) आणि कुरआनकडे नेते. मग अजान, वुजू आणि नमाज. पहिला भाग एवढाच आहे, आणि लहान मुलासाठी एवढेच पुरेसे आहे.

ज्या गोष्टीकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो, ती पुढे आहे. दुसरा भाग उघडला की पुन्हा ईमान येते आणि पुन्हा वुजू व नमाज येते. तिसऱ्या भागातही हेच. वरवर पाहणाऱ्याला वाटेल, की ही पुनरुक्ती आहे. परंतु नीट पाहिले तर प्रत्येक वेळी तोच विषय एक पायरी वर चढलेला दिसतो. पहिल्या भागात मूल वुजू करायला शिकते. दुसऱ्या भागात त्याला कळते, की त्यातील फर्ज काय, सुन्नत काय, मुस्तहब काय आणि मकरूह काय. तिसऱ्या भागात नमाजेच्या अटी येतात : शरीर, कपडे आणि जागा यांची शुद्धता, वेळ, किबला, नियत. श्रद्धेचेही तसेच. प्रथम अल्लाह एक आहे एवढे मूल शिकते. मग फरिश्ते, ग्रंथ, प्रेषित, आखिरत आणि तकदीर यांवरील ईमान त्याच्यापुढे उलगडते. त्यानंतर तौहीदला बाधा आणणाऱ्या गोष्टी कोणत्या, हे त्याला समजावले जाते. शेवटच्या भागांत जमात, प्रवासातील आणि आजारपणातील नमाज, जुमा, दोन्ही ईद, जनाजा, रोजा आणि जकात असे विषय येतात. म्हणजे मूल मोठे होऊन घराबाहेर पडते, कमावते, प्रवास करते, आप्तांना निरोप देते, त्या वयात लागणारे सारे ज्ञान.

शिकवण्याची ही रीत आपल्या परंपरेत नवी नाही. इमाम गजाली (रह.) यांनी लिहून ठेवले आहे, की मुलाने श्रद्धेच्या गोष्टी प्रथम पाठ कराव्यात आणि वाढत्या वयासोबत त्यांचा अर्थ हळूहळू उलगडावा. इब्ने खल्दून यांनी आपल्या मुकद्दमात म्हटले आहे, की कोणतीही विद्या एकदाच पूर्ण शिकवू नये. प्रथम थोडक्यात, मग विस्ताराने, मग खोलात, अशी तीन वेळा तिच्याकडे परतून यावे. आणि सर्वांत मोठा दाखला म्हणजे कुरआनचे अवतरण. ते एका दिवसात झाले नाही. सुमारे तेवीस वर्षे थोडे थोडे उतरत राहिले. प्रेषितांनी (स.) मुलांना सातव्या वर्षी नमाजेची ताकीद देण्यास आणि दहाव्या वर्षी त्याबाबत अधिक कडक होण्यास सांगितले. म्हणजे तेथेही वयाप्रमाणे पायरी आहे. मुफ्तीसाहेबांनी हीच रीत मोहल्ल्याच्या मकतबापर्यंत आणून पोहोचवली.

आता त्या तरुणाकडे परत येऊ या. जनाजाचे प्रकरण पुस्तकाच्या अखेरच्या टप्प्यात आहे. आमचा मुलगा पहिला भाग संपवून निघून गेला. त्याला जे हवे होते ते त्याच फडताळात, त्याच पुस्तकाच्या पुढच्या भागात होते. तो तेथवर पोहोचलाच नाही. आणि त्याला तेथवर पोहोचवण्याची जबाबदारी त्याची नव्हती, आपली होती.

माझी एक चूक

येथे मला एक कबुली द्यावीशी वाटते. इमामतीच्या पहिल्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने हे पुस्तक शिकवायला घेतले. मुले एका सुरात प्रश्न म्हणत, एका सुरात उत्तर देत. ऐकणाऱ्याला समाधान वाटे आणि मलाही वाटत असे. एकदा एका मुलाने वुजूचे चार फर्ज एका दमात म्हणून दाखवले : चेहरा धुणे, कोपरांसह हात धुणे, डोक्याच्या चौथ्या हिश्श्यावर मसह करणे, घोट्यांसह पाय धुणे. मी त्याला शाबासकी दिली. थोड्या वेळाने मगरिबची अजान झाली आणि तोच मुलगा नळावर वुजूला बसला. त्याची दोन्ही कोपरे कोरडी राहिली होती. त्याला विचारले तर तो गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. जे तो म्हणत होता आणि जे तो करत होता, त्यांचा एकमेकांशी संबंध आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

तो दोष मुलाचा नव्हता आणि पुस्तकाचाही नव्हता. मुफ्तीसाहेबांनी प्रश्नोत्तरांची रीत निवडली ती मुलाच्या मनात प्रश्न जागा व्हावा म्हणून. मी तिचे पाढे करून टाकले होते. त्या दिवसापासून मी एक नेम केला. पुस्तकातील उत्तर पाठ झाले, की मुलाने तेच आपल्या शब्दांत सांगायचे, मग करून दाखवायचे, आणि मग त्याने मला एक प्रश्न विचारायचा. आमच्याकडची बहुतेक मुले मराठी शाळेत शिकतात. घरी उर्दू बोलतात, पण उर्दू लिपी अनेकांना वाचता येत नाही. म्हणून समजावताना मी मराठीचा आधार घेतो. ज्या भाषेत मूल विज्ञान आणि इतिहास समजून घेते, त्याच भाषेत त्याला दीन समजला तर तो त्याच्या विचारांत उतरतो. नाहीतर तो केवळ जिभेवर राहतो. त्यासोबत उर्दू लिपीही शिकवावी, कारण तिच्यात आपल्या आलिमांचा मोठा ठेवा आहे. पण लिपी येईपर्यंत समज थांबवून ठेवू नये. जे प्रश्न मुले विचारतात, ते ऐकून पुष्कळदा मलाच किताबे पुन्हा उघडावी लागतात, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतरची जबाबदारी

1947 नंतर मुफ्तीसाहेब दिल्लीतच राहिले. फाळणीच्या काळात त्या शहराने जे भोगले ते त्यांनी पाहिले. 31 डिसेंबर 1952 रोजी त्यांचा इंतकाल झाला. मेहरौलीत, हजरत ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकी (रह.) यांच्या दर्ग्याच्या परिसराजवळ त्यांना दफन करण्यात आले.

त्यांच्या हयातीतच देशाची घटना अमलात आली होती. घटनेच्या 28 व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनेक धर्मांच्या या देशात हे योग्यच आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शेजारी शेजारी बसणाऱ्या मुलांवर एकाच धर्माचे शिक्षण लादले जाऊ नये. परंतु त्याचा दुसरा अर्थ असा, की आपल्या मुलांना दीन शिकवण्याची जबाबदारी सरकारची नाही, शाळेची नाही. ती घराची आणि मोहल्ल्याची आहे. जमीयतने हे ओळखले आणि 1955 साली मुंबईत दीनी तालीमच्या प्रश्नावर देशपातळीवरचे संमेलन भरवले. मोहल्ल्या-मोहल्ल्यांत मकतब असावे आणि शाळेत जाणाऱ्या मुलांनाही दीनचे शिक्षण मिळावे, हा विचार त्यातून पुढे गेला. मुफ्तीसाहेब तेव्हा हयात नव्हते. पण त्या मकतबांतील मुलांच्या हाती त्यांची चार पुस्तके होती.

आपण काय करावे?

वाचकहो, थोर पुरुषाचे चरित्र वाचून हळहळणे सोपे असते. त्यांनी जो जिना बांधून ठेवला, त्यावर आपल्या मुलाचा हात धरून चढणे हे त्यांचे खरे स्मरण होय. म्हणून शाळेच्या वर्षांप्रमाणे एक साधी मांडणी आपल्यापुढे ठेवतो. आपापल्या गावच्या स्थितीप्रमाणे तिच्यात बदल करावा.

पहिली-दुसरीच्या वयात मुलाला कलमा, लहान सुरा, जेवणाच्या व झोपण्याच्या दुआ आणि अल्लाहच्या मेहेरबानीची ओळख द्यावी. या वयाची खरी शाळा आईची मांडी आहे. वडिलांनी मुलाला बोट धरून मशिदीत न्यावे. तेथे त्याच्यावर कोणी खेकसणार नाही याची काळजी आम्ही इमामांनी घ्यावी.

तिसरी ते पाचवीत नाजरा कुरआन, तालीमुल इस्लामचा पहिला भाग आणि प्रत्यक्ष नमाज. या वयात मूल जे करून पाहते तेच त्याच्या लक्षात राहते.

सहावी ते आठवी हा सर्वांत नाजूक काळ. नाजरा पूर्ण झालेले असते, मिठाई वाटलेली असते आणि पालकांना वाटते, की काम झाले. वस्तुतः याच वयात मूल विचार करू लागते. नमाजेत आपण जे पढतो त्याचा अर्थ, दुसरा व तिसरा भाग, प्रेषितांचे (स.) चरित्र, खरे बोलणे, शेजाऱ्याचे हक्क, हे याच वेळी द्यावे. याच वयात मुले-मुली प्रौढ होतात आणि तहारत व गुस्लचे मसाइल जाणून घेणे त्यांच्यावर आवश्यक होते. लाजेखातर आपण गप्प राहतो आणि मुले चुकीच्या ठिकाणाहून शिकतात. मुलींसाठी स्त्री-शिक्षिकेची सोय करावी. ज्या गावात आलिमा नाही तेथे एखाद्या शिकलेल्या भगिनीने ही पुस्तके आधी स्वतः नीट समजून घेऊन मुलींना शिकवावीत. मुलगी मोठी झाली म्हणून तिचे मकतब बंद करणे, हा तिच्यावर आणि तिच्या पुढच्या पिढीवर अन्याय आहे.

नववी-दहावीत बोर्डाच्या परीक्षेचा भार असतो, हे खरे. म्हणून रोजचा तास शक्य नसेल तर रविवारी एक तास ठेवावा, पण तो तोडू नये. चौथा भाग याच वयासाठी आहे. दहावीच्या मुलाला टक्केवारी येते. त्याच्याकडून घरच्या जकातीचा हिशेब करून घ्यावा. वर्षभर शिल्लक राहिलेल्या निसाबइतक्या किंवा त्याहून अधिक रकमेवर अडीच टक्के, म्हणजे 1 लाखावर 2,500 रुपये. हा हिशेब त्याने स्वतः केला, तर जकात त्याच्यासाठी पुस्तकातला शब्द राहणार नाही. ज्याचे वडील कापसाचा व्यापार करतात, त्याला काट्यावरील वजनाचा प्रामाणिकपणा हा दीनचाच भाग आहे हे शिकवावे. आणि जनाजाची नमाज, तिच्या दुआसह, प्रत्येक मुलाला या वयात यायलाच हवी.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. तालीमुल इस्लाममधील मसाइल हनफी फिकहप्रमाणे आहेत. कोकणातील आपली शाफई कुटुंबे आपल्या आलिमांकडून त्या त्या मसाइलची खातरजमा करून घेतील. पण पायरी-पायरीने शिकवण्याची जी रीत आहे, ती सर्वांसाठी सारखीच उपयोगाची आहे.

त्या तरुणाविषयी दोन शब्द लिहून रजा घेतो. वडिलांच्या दफनानंतर काही दिवसांनी तो इशाच्या नमाजेनंतर थांबला. त्याने मला काही विचारण्यापूर्वीच मी फडताळातून चौथा भाग काढला. आता तो आठवड्यातून दोन दिवस येतो. पहिल्या आठवड्यातच त्याने ती दुआ पाठ केली. अलीकडे तो एकटा येत नाही. त्याच्यासोबत त्याचा पुतण्या असतो. तो सातवीत आहे आणि नाजरा पूर्ण करून मकतब सोडण्याच्या बेतात होता.

अल्लाह तआला हजरत मुफ्ती मुहम्मद किफायतुल्लाह (रह.) यांचे दर्जे बुलंद करो, मकतबांत शिकवणाऱ्या साऱ्या उस्तादांची मेहनत कबूल करो, आणि आपल्या मुलांचे दीनचे शिक्षण अर्ध्यावर सुटू न देण्याची सुबुद्धी आपणां सर्वांना देवो. आमीन.